फार्महाऊसच्या पूलला डायव्हिंग बोर्ड: लावावा की नाही?

डभोईरोडकर

नमस्कार मंडळी.

बडोद्याबाहेर डभोई रोडला बाबांनी फार पूर्वी घेऊन ठेवलेला जमिनीचा तुकडा आहे. दोन खोल्या, ओटा, चार चिकू, दोन आंबे. यंदा आम्हा भावंडांनी वर्गणी काढून तिथे छोटा स्विमिंग पूल बांधायला घेतलाय. खोदाई झाली, आता सळई बांधणं चाललंय. लांबी ३२ फूट, रुंदी १६. उथळ टोकाला साडेतीन फूट पाणी, दुसऱ्या टोकाला सहा. जमीन काळी आहे, उन्हाळ्यात भेगाळते नि पावसाळ्यात फुगते. त्यामुळे याहून खोल जायला कॉन्ट्रॅक्टर नाखूश आहे.

आता मुद्दा. त्याच्याकडे कुठल्याशा क्लबातून निघालेला जुना डायव्हिंग बोर्ड पडून आहे. "साहेब, बोर्डाचा एक पैसा नको, नुसता फिटिंगचा खर्च द्या," म्हणतो. मेव्हणे एका पायावर तयार. पुण्याचे भाचे आत्तापासून उड्यांचे व्हिडिओ पाठवताहेत. एकटी बायको नको म्हणते. का, तर भीती वाटते. त्यावर मेव्हण्यांचं म्हणणं, भीती वाटणं हे काही कारण झालं नाही.

तर मला कारण हवंय, मग ते कुठल्याही बाजूचं असो. बोर्डाखाली नक्की किती पाणी लागतं? आणि बोर्ड नाही लावला, तर काठावरून सूर मारलेला चालतो का?

खंडेराव_मंडईवाला

बोर्ड कशाला? २०२४ च्या पुरासारखी विश्वामित्री नदीतली एखादी मगर फिरत फिरत तुमच्याकडे आली की सगळे बोर्डाशिवायच उड्या मारतील. फक्त पूलमधून बाहेरच्या दिशेने.

बाकी चालू द्या. लीलो चिवडा घेऊन बसलोय.

निवृत्त_शिट्टी

डभोईरोडकर, वहिनींचं ऐका. कारणं मी देतो.

आपल्या बडोद्यातल्या लालबागच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. सूर शिकवला, बोर्डावरच्या उड्या शिकवल्या. म्हणजे मी काही उड्यांचा वैरी नाही. पण आधी आकडे बघा. पूर्वी जिला फिना म्हणायचे त्या वर्ल्ड अॅक्वाटिक्स या जागतिक जलतरण संघटनेच्या नियमात १ मीटर उंचीच्या स्प्रिंगबोर्डाखाली किमान ३.४ मीटर पाणी लागतं. म्हणजे ११ फुटांच्या वर. आणि ते खोल पाणी बोर्डाच्या टोकाखाली तर हवंच, तिथून पुढेही बऱ्याच अंतरापर्यंत हवं. तुमच्याकडे सहा फूट, तेही शेवटच्या भिंतीपाशी. विषय संपला.

काठावरून डोक्यावर जायचं असलं तरी अमेरिकन रेड क्रॉस ९ फूट पाणी सांगते. आपल्याकडचे घरगुती पूल चार, साडेचार, फार तर सहा फुटांचे. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही नाहीच.

मेव्हण्यांना पटत नसेल तर एक करा. त्यांना ओट्यावर उभं करा, सूर मारताना ताणतो तसे दोन्ही हात वर ताणायला लावा आणि टेपने जमिनीपासून बोटांच्या टोकापर्यंत मोजा. साडेपाच फुटी माणूस सात फुटांच्या आसपास भरतो. आता हाच माणूस उलटा करून तुमच्या सहा फुटांत सोडा. बोटं तळाला टेकतात तेव्हा पावलं अजून पाण्याबाहेर असतात. वेग कमी व्हायला जागा उरली कुठे?

जुन्या बोर्डाबद्दल वेगळं सांगायलाच हवं. बोर्ड माणसाला आधी वर फेकतो, मग पुढे. वरचा खरखरीत थर झिजलेला असेल तर ओला पाय सटकतो आणि माणूस वाकडातिकडा पडतो. नवशिक्यांचं सोडा, १९८८ च्या सेऊल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या नामांकित डायव्हर ग्रेग लुगानिसचं डोकं ३ मीटरच्या बोर्डावर आपटलं होतं. टाके घालून परत आला आणि सुवर्णपदक घेऊन गेला, पण तो लुगानिस होता आणि खाली पाणी नियमाप्रमाणे होतं.

विहिरीतला_बेडूक

शिट्टीसाहेब, मान राखून लिहितो, पण हे जरा अतीच होतंय. माझं आजोळ शहाद्याकडचं. विहिरीवरच्या मोटेच्या थारोळ्यावरून आम्ही सूर मारायचो, पाठीला डबा बांधलेला असायचा तेव्हापासून. ना कोणी पाणी मोजलं ना कोणी नियम वाचले. आख्खी पिढी तशीच पोहायला शिकली, मान कोणाची मोडली नाही. आताच्या पोरांना सगळंच घाबरून करायला शिकवतोय आपण. मुटका मारायचा तरी मॅट्रेस अंथरायची वेळ आली.

निवृत्त_शिट्टी

@विहिरीतला_बेडूक, तुमच्या त्या विहिरीत पाणी किती होतं? पुरुष दोन पुरुष तरी असेलच. चार पुरुषही असेल. तिथे तळाला हात लागणं ही फुशारकीची गोष्ट होती, कारण लागतच नसे. आणि पाणी कोणी मोजत नव्हतं असं तुम्ही म्हणता, ते मला पटत नाही. चैत्र-वैशाखात विहीर खाली गेली की म्हातारी माणसं काठावरूनच ओरडायची, "सूर मारू नका रे, कपार वर आलीय." आधी कोणीतरी पायऱ्यांनी उतरून, पाय सोडून अंदाज घ्यायचा. नियम छापलेले नव्हते, एवढंच.

गोची अशी होते की सवय विहिरीची असते आणि उडी फार्महाऊसच्या पाण्यात पडते. शरीराला जे लहानपणी बसलंय तेच ते करतं. म्हणून मला न पोहणाऱ्यापेक्षा पट्टीच्या पोहणाऱ्याची जास्त काळजी वाटते. न येणारा शिडी धरून उतरतो. येणारा गाडीतून उतरतो, शर्ट काढतो आणि धावत येतो.

काठावरचा_दगड

+१. धावत येणारे आमचे काका डोळ्यांसमोर आले.

फिजिओ_अलकापुरी

उशिरा लिहितेय, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

मी मणक्याला इजा झालेल्या रुग्णांसोबत काम करते. रस्त्यावरचे अपघात, गच्चीवरून पडलेले, आणि अधूनमधून एखादा उथळ पाण्यात सूर मारलेला. हा शेवटचा बहुतेक वेळा तरुण मुलगा असतो आणि तब्येतीने ठणठणीत असतो. सोबत आलेले मित्र एकच वाक्य सांगतात, "पण तो तर चांगला पोहतो."

आत काय घडतं ते सांगते. डोकं तळाला लागतं आणि थांबतं. मागून येणारं धड थांबलेलं नसतं. त्या सगळ्या वजनाचा रेटा मानेवर येतो. मानेला एरवी मागच्या बाजूला बाक असतो आणि धक्का थोडाफार पचवायची सोय त्यात असते. पण सूर मारताना आपण हनुवटी किंचित खाली घेतो, तेव्हा तो बाक निघून जातो आणि मणके एका सरळ रेषेत येतात. मग रेटा वळायला वाव नाही. बहुतेक वेळा पाचवा किंवा सहावा मणका चुरडतो आणि त्याचा तुकडा मागे मज्जारज्जूत घुसतो. डोक्याला कधीकधी खरचटलेलंसुद्धा नसतं.

पाचव्या-सहाव्या मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जू निकामी झाला तर त्याचा रोजच्या जगण्यात अर्थ काय? खांदा हलतो. कोपर वाकवता येतं. कुणाला मनगट वर उचलता येतं. पण बोटं मिटत नाहीत. जेवायला बसवलं की तळहाताला एक पट्टा बांधतो आणि त्या पट्ट्याच्या खाचेत चमचा अडकवतो. मग खांद्याने आणि कोपराने तो चमचा ताटलीपासून तोंडापर्यंत न्यायचा. वरणभात असेल तर निम्मा वाटेत सांडतो. पहिल्यांदा एक घास नीट तोंडात गेला की आई डोळे पुसत बाहेर जाते आणि आम्ही टाळ्या वाजवतो. कंबरेखालचं काहीच स्वतःच्या ताब्यात नसतं, लघवीसुद्धा नाही. विशी-बाविशीत.

तुमच्या मिसेसना भीती वाटते ना? अगदी बरोबर जागी वाटते.

डभोईरोडकर

ताई, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. मेव्हणे गप्प आहेत. भाचा क्रमांक एक मात्र गप्प नाही, तो इथे लिहितोय म्हणाला.

भाचा_नं_१

नमस्कार, मी तो भाचा. मी पुण्यात स्पर्धांसाठी पोहतो, त्यामुळे हवेत बोलत नाहीये.

मामा, शर्यतीच्या स्टार्टिंग ब्लॉकखाली नियमाप्रमाणे १.३५ मीटर पाणी चालतं. तेही ब्लॉक पाण्यापासून अर्धा ते पाऊण मीटर उंच असताना. १.३५ मीटर म्हणजे साडेचार फूटसुद्धा नाही. आपल्याकडे सहा फूट आहे. मग शिट्टीसर ९ आणि ११ फूट कुठून आणताहेत? दोन्ही नियम एकाच संघटनेचे ना?

फिजिक्सच्या_तासाला

पोराने प्रश्न बरोबर पकडलाय. शिट्टी, उत्तर द्या.

निवृत्त_शिट्टी

शाबास. असा विद्यार्थी मिळाला की शिकवायला मजा येते.

१.३५ मीटरचा नियम खराच आहे. तो भिंतीपासून १ मीटर ते ६ मीटर एवढ्या पट्ट्यासाठी आहे, कारण शर्यतीचा जलतरणपटू तिथेच पाण्यात शिरतो आणि तिथूनच वर वळतो. आता तुझी स्वतःची सुरुवात आठव. तू खाली जातोस का? नाही, पुढे जातोस. पाण्याला जवळजवळ समांतर. बोटं जिथे शिरली त्याच भोकातून डोकं, कंबर, पाय. शिरल्या शिरल्या बोटांची टोकं वर वळतात आणि तू पृष्ठभागाच्या लगेच खालून सरकतोस. हे तुला कोणी एका सुट्टीत शिकवलं नाही. आधी खोल पाण्यात, काठावर बसून, मग गुडघ्यावर, मग उभं राहून, पायरीपायरीने घोटून घेतलं असणार. नसेल तर कोच बदल.

तसला सपाट सूर तू मारू शकतोस, हे मान्य. पण मामाचा पूल ३२ फुटांचा आहे. खोल टोकाकडून निघालास तर समोर तळ चढत चढत साडेतीन फुटांवर येतोय. आणि तू मारलास की तुझ्या मागून तुझा धाकटा भाऊ मारणार, मग तुझ्या मामाचे मेव्हणे. त्यांनी घोटलंय का? १.३५ चा नियम शिकलेल्यांसाठी, ठरलेल्या लेनमध्ये, कोच काठावर असताना. ११ फुटांचा नियम बोर्डावरून सरळ खाली येणाऱ्यांसाठी. घरच्या पूलमध्ये येणारा पाहुणा यातल्या कशातच बसत नाही. म्हणून त्याने पाय खाली ठेवूनच उतरायचं.

भाचा_नं_१

कोच नाही बदलत, सर. 🙂 सपाट सूराचं पटलं. पण रिव्हर्स, सोमरसॉल्ट वगैरे काठावरून पाय खाली करून पडलं तर?

निवृत्त_शिट्टी

नाही. उलट्या उडीत डोकं कुठे आहे ते तुलाच दिसत नाही, आणि पूलचा काठ तुझ्या मागे वीतभर अंतरावर असतो.

सळई_सिमेंट

मी बांधकामातला माणूस, पोहता जेमतेम येतं. पण एक गोष्ट इथे कोणी नीट बोललं नाही, ती तळाची.

गिऱ्हाईक विचारतं "खोली किती?" आणि आपण सांगतो "आठ फूट". ती आठ फूट असते कुठे? घरगुती पूलमध्ये सगळ्यात खोल जागा एवढीशी असते. तिथून तळ लगेच वर चढायला लागतो, कारण लांबीच अपुरी असते आणि गिऱ्हाइकाला उथळ भाग मोठा हवा असतो. बोर्डावरून किंवा जोरात काठावरून गेलेला माणूस खोल जागेच्या वरून पुढे निघून जातो आणि त्या चढावर आदळतो. म्हणजे काठावर "८ फूट" लिहिलंय आणि माणूस पाच फुटांत डोकं आपटतो. पाटी खोटी नाही, तरी फसवते.

डभोईरोडकरांच्या पूलमध्ये ३२ फुटांत अडीच फुटांचा उतार आहे. हा सौम्य उतार आहे, पाय टेकून चालणाऱ्याला उत्तम. सूर मारणाऱ्याला एकही सुरक्षित जागा त्यात नाही. समजा हट्टाने शेवटचे दहा फूट खणून नऊ फूट केलेत, तरी पुढचा चढ अंगावर येणारच. शिवाय काळ्या मातीत तेवढी खोल भिंत म्हणजे सळई वाढली, जाडी वाढली, पूल रिकामा असताना पावसाळ्यात बाहेरच्या पाण्याचा दाब वाढला. एवढा खर्च करून मिळवायचं काय, तर धोका.

आणि पाण्याची पातळी. मे महिन्यात वाफेने, फिल्टरच्या बॅकवॉशने, पोरांच्या उड्यांनी पाणी खाली जातं. चार-सहा इंच उतरलं तरी टँकर येईपर्यंत कोणी बघत नाही. पाटीवर मात्र तोच आकडा.

न्यूजर्सीचा_बडोदेकर

मूळचा दांडिया बाजारचा, आता इथे. आमच्या घरासोबत पूल आला, त्याला बोर्ड होता. विमा घ्यायला गेलो तर कंपनीने सरळ सांगितलं, बोर्ड काढा नाहीतर हप्ता जास्त. तेव्हा राग आला होता, आता येत नाही. इथे बऱ्याच ठिकाणी हाच अनुभव ऐकतो.

सार्वजनिक पूलमध्ये इथे काठावर फुटाफुटाने खोली रंगवलेली असते आणि उथळ भागात डोक्यावर उडी मारणाऱ्या माणसाच्या चित्रावर लाल काट. वाचता न येणाऱ्यालाही कळतं. डभोईरोडकर, हे तुम्ही सहज करू शकता.

अवांतर: चार्ल्स क्राउथॅमर नावाचा अमेरिकेतला गाजलेला स्तंभलेखक, पुलित्झर मिळालेला. १९७२ मध्ये हार्वर्डला डॉक्टरकी शिकत असताना पूलमध्ये बोर्डावरून सूर मारला आणि मान मोडली. शिक्षण त्याने व्हीलचेअरवरून पूर्ण केलं, पण २०१८ मध्ये जाईपर्यंत चालला नाही.

फिजिक्सच्या_तासाला

आता माझा तास.

बरेचजण म्हणतात, पाणी फसवतं, उथळ पाणी खोल दिसतं. उलट आहे. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाणी असतं त्याहून उथळ दिसतं. सरळ वरून बघितलं तर खोली पाऊणपट दिसते, साडेचार फूट पाणी साधारण ३.४ फूट. तिरकं बघितलं तर आणखी कमी. म्हणजे निसर्ग सावधच करतोय, तरी लोक उडी घेतात.

खरी फसगत तळाच्या आकाराची होते. तिरकं बघताना लांबचा तळ वर उचलल्यासारखा दिसतो, त्यामुळे सपाट तळ कुठे आणि चढ कुठे सुरू झाला हे डोळ्याला कळत नाही. त्यात आख्ख्या पूलला एकाच निळ्या रंगाची मोझॅक टाइल, वर लाटा, संध्याकाळचं ऊन. रात्री पूलमधले दिवे लावले की दिसायला झकास आणि अंदाजाला शून्य. चढ जिथे सुरू होतो तिथे गडद रंगाच्या टाइलची एक आडवी पट्टी टाका. पायऱ्यांच्या कडांनाही.

वेगाचं गणित हवं असेल तर: १ मीटर खाली पडलेली वस्तू सेकंदाला ४.४ मीटर वेगाने पाण्याला लागते, ताशी १६ किलोमीटर. ऐकायला किरकोळ. पण मानेचा मणका मोडायला सेकंदाला ३ मीटरच्या आसपासचा वेगही पुरतो. हात पुढे ताणून, बोटं एकमेकांत अडकवून, डोकं दंडांच्या मध्ये सुईसारखं शिरलात तर पाणी तुम्हाला अडवतच नाही. पोटावर सपाट पडलात तर कातडी लाल होते, पण पाण्याने ब्रेक लावलेला असतो. सूर जितका सुंदर तितका तळ लवकर.

विहिरीतला_बेडूक

हे शेवटचं वाक्य मात्र डोक्यात गेलं, सर. म्हणजे चांगल्या अर्थाने. मी माझं म्हणणं अर्धं मागे घेतो. विहिरीबद्दलचं नाही घेत.

कारेलीबागची_मावशी

तुम्ही सगळे स्वतःच्या पूलबद्दल बोलताय. मला भाड्याने मिळणाऱ्या फार्महाऊसांबद्दल बोलायचंय. सेवासी, सिंधरोट, भायलीकडे किती झालेत बघा. वाढदिवस, हळद, प्री-वेडिंग, सगळं पूलच्या काठावर. नाव घेत नाही, पण मध्यंतरी एका ठिकाणी भाचीच्या संगीताला गेलो होतो. काठावर खोलीचा आकडा एकही नाही. पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या आणि दिवे. नवऱ्या मुलाचे मित्र एकेक करून पाण्यात पडत होते, मोबाईलवर शूटिंग. मी तिथल्या मुलाला विचारलं, पाणी किती? म्हणाला, "आंटी, गळ्याएवढं असेल." कोणाच्या गळ्याएवढं, ते नाही सांगितलं. वाचवायला माणूस नाही, साधा लांब बांबूसुद्धा नाही.

आणि दारूचं तर विचारूच नका. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, त्यामुळे तो प्रश्नच उद्भवत नाही. (हसू नका रे.)

तर भाड्याने घेताना मालकाला विचारा: आकडे लिहिलेत का, रात्री पूल बंद करता का, काठी आणि ट्यूब कुठे ठेवलीय. शेवटी आपली पोरं तिथे जाणार.

खंडेराव_मंडईवाला

मावशी, गळ्याएवढं म्हणजे मगरीच्या गळ्याएवढं.

संपादक

मगरी आता पुरे. विषयावर राहू या.

रात्रपाळी

इमर्जन्सीत काम करतो. सगळं टाळण्याबद्दल झालं, घडलं तर काय करायचं ते लिहितो. कारण पहिल्या दोन मिनिटांत जो जवळ असतो तोच डॉक्टर.

सूर मारलेला माणूस वर येत नाहीये, किंवा आला पण पालथा तरंगतोय, हात हलत नाहीत. पहिली गोष्ट, त्याच्या शेजारी धपकन उडी मारू नका. लाटेने मान हलते. शिडीने किंवा पायऱ्यांनी उतरा. एकाला १०८ लावायला सांगा आणि त्याला "पाण्यात उडी, मानेला मार" हे शब्द वापरायला सांगा.

पालथा असेल तर त्याचे दोन्ही हात वर, कानांजवळ आणा आणि त्याच्याच दंडांनी त्याचं डोकं दोन्ही बाजूंनी दाबून धरा. डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून सावकाश उताणा करा. तोंड पाण्याबाहेर. आता तो श्वास घेतोय का बघा. घेत असेल तर घाईने काठावर ओढू नका. पाणीच त्याला उचलून धरतंय, तसंच तरंगत ठेवा, डोकं धरून, बोलत राहा. "उठ, बस, मान फिरवून बघ" असलं काही नाही. १०८ वाले फळी आणि कॉलर घेऊन येतील. चौघांनी हातपाय धरून झोळी करून काढणं, जे आपल्याकडे हमखास होतं, त्याने अर्धवट दुखावलेला मज्जारज्जू पुरता जातो.

श्वास नसेल तर मात्र मानेसाठी थांबायचं नाही. जमेल तितकं सरळ धरून लगेच बाहेर काढा, आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, मदत येईपर्यंत. पोट दाबून पाणी काढणं, उलटं धरून फिरवणं, हे सगळं वेळ घालवणं आहे.

एक शेवटचं. कधीकधी माणूस स्वतः चालत बाहेर येतो, हसतो, म्हणतो "जरा मान दुखतेय." मानेत मधोमध दुखत असेल, हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली वाटत असेल, तर तिथेच आडवा करा आणि १०८. घरी जाऊन बाम लावायचा नाही.

फिजिओ_अलकापुरी

@रात्रपाळी, मनापासून धन्यवाद. शेवटच्या परिच्छेदासाठी विशेष.

भाचा_नं_१

अजून एक विचारतो. आम्ही मित्र पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो अशी पैज लावतो. आधी भराभर खोल श्वास घेतो. यात सूर नाही, मान नाही. हे तरी चालेल?

रात्रपाळी

हे तर अजिबात नाही. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि "श्वास घे" अशी जी आतून हाक येते ती उशिरा येते. तोवर ऑक्सिजन संपतो. माणूस धडपडत नाही, ओरडत नाही, पाण्याखालीच शुद्ध हरपते. काठावरच्यांना वाटतं, काय दम आहे पोराचा.

डभोईरोडकर

मंडळी, घरात बैठक झाली. मेव्हण्यांना ओट्यावर उभं करून खरंच मोजलं, ७ फूट ४ इंच भरले. त्यानंतर चर्चा फार चालली नाही.

बोर्ड रद्द. खोल टोक सहावरून पाच फुटांवर आणतोय, खर्चही थोडा वाचतो. कोपिंगवर, म्हणजे काठाच्या फरशीवर, दोन्ही बाजूंना खोलीचे आकडे खोदून घेणार, मराठी, गुजराती आणि नेहमीचे, तिन्ही. सूर मारणाऱ्याच्या चित्रावर काट. लांब बांबू, ट्यूब आणि १०८ लिहिलेली पाटी फिल्टर रूमच्या भिंतीवर. रात्री दहानंतर दिवे बंद, म्हणजे पूलही बंद. भाच्यांना मुटका मारायची परवानगी आहे, पण पाच फुटी भागात, मध्यावर, एका वेळी एक.

आता शेवटची शंका. बोर्ड गेला म्हणून धाकट्याने तोंड फुगवलंय. त्याच्यासाठी छोटी घसरगुंडी लावली तर?

निवृत्त_शिट्टी

घसरगुंडी चालेल, पण बसून आणि पाय पुढे. पोटावर झोपून डोकं पुढे करून आला की तो सूरच झाला, फक्त कोपऱ्यातून. तिचं टोक पाण्याच्या अगदी जवळ असू द्या, पाच फुटी बाजूला लावा आणि समोर शिडी किंवा पायऱ्या येणार नाहीत असं बघा. खाली उतरलेला बाजूला झाल्याशिवाय पुढचा सुटायचा नाही. त्यासाठी वर एक मोठं माणूस बसवा. मेव्हण्यांना ते काम द्या, ते आवडीने करतील.

विहिरीतला_बेडूक

आणि बोर्डाची हौस असेलच तर भाच्यांना शिट्टीसरांकडे पाठवा. खोल पाणी, शिकवणारा माणूस, सगळं आहे.

निवृत्त_शिट्टी

मी निवृत्त आहे हो. पण पोरगा गुणी आहे, सुट्टीत आला की घेऊन या, जागा बघू.

सळई_सिमेंट

डभोईरोडकर, घसरगुंडीचे अँकर बोल्ट डेकचं काँक्रीट ओतायच्या आधी ठरवा, नंतर ड्रिल मारलंत तर वॉटरप्रूफिंगला धक्का लागतो. आणि गडद टाइलची पट्टी घ्यायला जाल तेव्हा दोन पेट्या जास्तीच्या घ्या. पुढच्या वर्षी तीच छटा मिळत नाही.